यादीबाहेरचे

2019 साली ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 8’ आलं आणि सर्व्हरच्या डिस्क सांभाळणारी कित्येक जुनी मेगारेड कार्डं ड्रायव्हरच्या यादीतून उडाली. कार्ड ठणठणीत, डिस्क घरघरताहेत, हिरवा दिवा चालू. इन्स्टॉलर मात्र म्हणतो, डिस्कच नाही! बेळगावजवळच्या कडोलीकराला यात काय नवल? 1 नोव्हेंबर 1956 ला इथली घरं, शेतं, माणसं तसूभरही हलली नाहीत, फक्त यादी बदलली: गाव मुंबई राज्याच्या यादीतून म्हैसूरच्या यादीत गेलं. सर्व्हरचं बरं आहे. ‘एलरेपो’चे स्वयंसेवक जुना ड्रायव्हर फुकट देतात. तो पेनड्राइव्हवर घ्या, बूटच्या ओळीत ‘आयएनएसटी डॉट डीडी’ लिहा, की डिस्क निमूट हजर. बंगळुरूची परवानगी लागत नाही, मुंबईचं आश्वासनही नाही. आमचा सीमावादाचा अर्ज मात्र सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून लोड होतोय.