जुन्या धोतराची नवी नेमणूक

मराठी मध्यमवर्गीय घरात सुती कापडाला मरण नसते. त्याला केवळ बदलीचे हुकूम येतात. नऊवारी लुगडे विटले की त्याची दुपटी होतात, दुपट्यांची गोधडी होते, आणि गोधडीने मान टाकली की तिच्या चिंध्या पोतेरे म्हणून चुलीपाशी रुजू होतात. परंतु या श्रेणीत एक हुद्दा असा होता, की ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात आढळत नाही, आणि तरीही ज्याच्यावाचून घरातील निम्म्या मंडळींचा महिना पार पडत नसे.

त्या बेनामी हुद्द्याला रीतसर सनद द्यावी, म्हणजे पाळीसाठी कापडी पॅड शिवावेत, या हेतूने मी शिवणयंत्र उघडले आणि सासूबाईंच्या समक्ष जुन्या ट्रंकेचा पंचनामा केला. पॉलिएस्टरच्या साड्या दर्शनी कितीही तेजस्वी असल्या, तरी ओल शोषण्याच्या कामी त्यांची पात्रता शून्य, म्हणून त्या पहिल्याच छाननीत बाद झाल्या. उलट, वर्षानुवर्षांच्या धुण्याने ज्याची खळ पार निघून गेली होती, ते कैलासवासी मामंजींचे धोतर मऊपणात व शोषकतेत अव्वल ठरले. पण सासूबाईंनी हरकत नोंदवली.

"अगं, हे नेसून त्यांनी जन्मभर पूजा केली!"

मी कात्री खाली ठेवली. सासूबाई बराच वेळ त्या धोतरावरून हात फिरवीत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "घे. त्यांच्या पूजेपायी मी महिन्याचे चार दिवस बाहेर बसले. आता त्याने थोडी भरपाई करावी."

हा व्यवहार काही आमच्याच घरची उपज नव्हे. अंशू गुप्ता यांनी 1999 साली दिल्लीत स्थापन केलेली 'गूंज' संस्था लोकांनी दिलेल्या जुन्या सुती कपड्यांचे असेच पॅड करून गावोगाव पोहोचवते. तिथे कोणाच्या सोवळ्याची चौकशी होत नसावी.

शिवणीत एकच मेख आहे: मधले शोषक थर टीप घालून जोडावेत, परंतु ती टीप ओल अडवण्यासाठी तळाशी लावलेल्या जुन्या छत्रीच्या कापडातून जाऊ देऊ नये, नाहीतर सुईच्या प्रत्येक छिद्रातून बंदोबस्त फुटतो.

खरी कैफियत वाळवणीची. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का होतो व गार पाण्याने निघतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, आणि उन्हासारखे फुकट जंतुनाशक दुसरे नाही, हेही. तथापि त्यांच्या घड्या आयुष्यभर न्हाणीघराच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, दमट अंधारात वाळत राहिल्या, आणि त्या दमटपणाने जे अपाय झाले त्यांचे खापर कापडाच्या माथी फुटले. दोष कोठडीचा असता शिक्षा कैद्याला झाल्याचे इतके ढळढळीत उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून आमचे पॅड भर उन्हात, गॅलरीच्या दोरीवर, टिचबटणांचे पंख पसरून झळकले. समोरच्या काकूंनी कौतुकाने विचारले, "बाळाची लाळेरी का हो?"

"छे हो," सासूबाई कठड्यावरून भारदस्त स्वरात उत्तरल्या, "आमच्या ह्यांचं धोतर आहे!"

तेव्हा ज्यांच्याकडे मोडक्या छत्र्या असतील, त्यांनी त्या भंगारात न घालता कापड उसवून आमच्याकडे जरूर पाठवावे. धोतरेही स्वीकारली जातील. मात्र धनी हयात असल्यास त्यांची लेखी संमती सोबत जोडावी.