मळा एकच, वर जायफळ

सोनपापडीचा डबा अंधेरीहून निघून बोरिवलीमार्गे मुलुंडला पोचतो, हे आता सगळ्यांनाच कळलंय. म्हणून शिकल्यासवरल्या मंडळींनी दिवाळीसाठी नवा आहेर शोधलाय: सिंगल ओरिजिन डार्क रोस्ट कॉफी. खाकी पाकीट, त्यावर मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, भाजल्याची तारीख. स्थळाच्या बायोडेटातही एवढा खरेपणा नसतो.

गंमत अशी, की बी जितकी काळी भाजावी तितकी तिची त्या मातीतली चव मागे पडते आणि भाजल्याचा कडवटपणा पुढे येतो. म्हणजे पैसे मोजायचे कुळाचे आणि कूळच जाळून टाकायचं! २०१९ साली कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकू या पाच कॉफ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही असं करपून घेण्यासाठी नव्हे.

पाकीट घाटकोपरच्या काकूंकडे पोचतं. आत अख्ख्या बिया. दळायला मिक्सर, त्याच्या भांड्याला सकाळच्या दाण्याच्या कुटाचा वास. मग पातेल्यात दूध, साखर, दोन उकळ्या आणि वर किसलेलं जायफळ. (कॉफी फक्कड होते, हे सांगायला हवं.)

द्यायचीच तर मध्यम भाजलेली, दळून आणलेली द्या. नाहीतर सरळ माटुंग्याला उतरा. तिथे समोर दळून देतात, चिकोरी किती घालू तेही विचारतात. अडचण एकच. त्या पुडीची किंमत काकूंच्या सुनेला मोबाइलवर शोधता येत नाही.