सोमवारी फोन कोण उचलणार?

मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट उघडली, तर समोर ऑनलाइन रमीची जाहिरात. मूळ वेबसाइट चांगली होती. आयटीतल्या चार-पाच तरुणांनी एका शनिवार-रविवारी बसून, एक पैसाही न घेता, मन लावून बनवली होती. पण डोमेन नोंदवलं होतं त्यातल्या एकाच्या खासगी ईमेलवर. तो पुढे नोकरी बदलून परदेशी गेला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या मेलबॉक्समध्ये पडून राहिल्या आणि ते नाव दुसऱ्याच कुणीतरी उचललं. पावती पुस्तकावर, माहितीपत्रकावर, देणगीदारांच्या पत्रांवर मात्र अजून तोच पत्ता. संस्थेच्या ताई म्हणाल्या, "डोमेन दरवर्षी भरावं लागतं, हेच कुणी सांगितलं नव्हतं हो आम्हाला."

त्या तरुणांच्या दानतीबद्दल मला काडीचीही शंका नाही. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घासून निघालेला माणूस सुट्टीचे दोन दिवस दुसऱ्याच्या कामाला देतो, ही साधी गोष्ट नव्हे. राग आहे तो अशा शनिवार-रविवारच्या शिबिरांच्या आयोजकांवर. शुक्रवारी संध्याकाळी ओळख, शनिवारी काम, रविवारी दुपारी सादरीकरण, मग फोटो. सोमवारचं नाव कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसतं.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत 'गिव्हकॅम्प' नावाने असे शनिवार-रविवार कितीतरी वर्षं भरतात. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, नासा आणि जागतिक बँक अशा पाच बड्या मंडळींनी मिळून 'रँडम हॅक्स ऑफ काइंडनेस' सुरू केलं. २०११ मध्ये जेक पोरवे यांनी 'डेटाकाइंड' उभी केली. शनिवार-रविवारी डेटातले जाणकार आणि सामाजिक संस्था यांना एका टेबलाशी बसवायचं, ही तिची पद्धत. तिची शाखा पुढे बंगळुरूलाही निघाली. आता आपल्याकडेही कंपन्या आणि कॉलेजं अशी शिबिरं भरवतात. भरवू देत. स्वयंसेवक तंत्रज्ञांनी किती मोठं काम करून ठेवलंय, ते आपल्या शेजारीच बघायला मिळतं.

डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा श्रीलंकेत हरवलेली माणसं, छावण्या, मदतीचं सामान, कशाचाच मेळ लागत नव्हता. तिथल्या तंत्रज्ञांनी रात्रंदिवस बसून 'सहाना' नावाची प्रणाली लिहिली. ती सर्वांना खुली ठेवली म्हणून पुढच्याच वर्षी पाकिस्तानातल्या भूकंपातही वापरली गेली. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या ऑनलाइन नकाशावर पोर्ट-ओ-प्रिन्सचे कितीतरी रस्तेच नव्हते. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची चित्रं समोर ठेवून गल्ल्या काढल्या, कोसळलेल्या इमारती दाखवल्या, छावण्या दाखवल्या. मदत पथकांनी तो नकाशा जीपीएसमध्ये घालून वापरला. या दोन्ही कामांत गरज आधी होती, तंत्रज्ञ नंतर आले. आणि आलेले लोक टिकले. सहानाची पुढे संस्था झाली, नकाशावाल्यांचीही झाली.

शनिवार-रविवारच्या शिबिरात नेमकं हेच उलटं होतं. तंत्रज्ञ आधी जमतात आणि मग त्यांना पुरेल असा प्रश्न शोधला जातो. खुद्द पोरवे यांनी २०१३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या वाचकांना बजावलं की नुसत्या हॅकेथॉननी सामाजिक बदल होत नाही. असे कार्यक्रम स्वतः भरवणारा माणूस हे सांगतोय. डेटाकाइंडमध्ये शिबिराच्या कितीतरी आधीपासून काही अनुभवी स्वयंसेवक संस्थेबरोबर बसतात. नेमका प्रश्न काय, त्यासाठी लागणारी माहिती हाताशी आहे का, ती कितपत स्वच्छ आहे, हे तपासतात. शिबिराची निम्मी लढाई तिथे जिंकली जाते. आपल्याकडे ही पायरी गाळली जाते, कारण तिचा फोटो निघत नाही.

मग संस्थेला मिळतं काय? ॲप. प्रत्येक दुखण्यावर ॲप. आणि ते चालायचं कुणाच्या हातात? पाड्यावर जाऊन गरोदर बायकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यकर्तीच्या. तिच्या हातात रेघा मारलेली वही असते आणि ती वही चोख असते. ॲपमध्ये शिरायला मात्र ओटीपी लागतो. सिमकार्ड मुलाच्या नावावर, मुलगा चाकणला कामाला, नंबर त्याच्या खिशात. ओटीपी चाकणला पोचतो आणि ती पाड्यावर रेंज शोधत उभी. हे कळायला कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही. तिच्याबरोबर एक दिवस चालावं लागतं.

खऱ्या अडचणी हव्या असतील तर संस्थेच्या कार्यालयात, जुन्या संगणकासमोर बसा. पंधरा-वीस वर्षांचे अहवाल आणि सभासदांच्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या. ती फाइल आजच्या मोबाइलवर उघडली की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. एवढं सगळं युनिकोडमध्ये आणून द्या. बदललेला मजकूर कुणी मराठी जाणणाऱ्याने डोळ्याखालून घालायला हवा, कारण जोडाक्षरं हमखास मोडतात. दोन दिवसांत बरंच काम होईल आणि ते वर्षानुवर्षं पुरेल.

दुसरं दुखणं देणगीच्या हिशेबाचं. ज्यांना ८०-जीची मान्यता आहे अशा संस्थांना आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील १०बीडी या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावा लागू लागला. नाव, पत्ता, पॅन, रक्कम, पैसे रोख आले की बँकेतून. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आता संस्थेची अकाउंटंट काय करते बघा. पावती पुस्तकात 'ज्ञानेश्वर' मराठीत, बँकेच्या उताऱ्यात तेच नाव इंग्रजीत, कधी 'डी'ने सुरू होणारं, कधी 'जी'ने. पॅन निम्म्यांचे नाहीत. यूपीआयने आलेल्या पैशापुढे नुसता एक आकडा. एकच माणूस तीन ठिकाणी तीन माणसं होऊन बसलेला. ही बाई एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत एकेक ओळ जुळवत असते. ही नावं जुळवून देणारी, पॅन चुकला की लाल दाखवणारी एक साधी एक्सेल शीट तिला हवी आहे. चांगला प्रोग्रॅमर ती एका दुपारी बनवील आणि उरलेला वेळ तिला शिकवण्यात घालवील. पण त्याला बक्षीस मिळणार नाही, कारण परीक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्ता बघायची असते.

पैशाचंही बोलू. संस्थांकडे तंत्रज्ञानाला पैसा का नसतो? परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने तो २० टक्क्यांवर आणला. कार्यालय चालवण्याचा बहुतेक खर्च त्यातच बसवावा लागतो. देशी देणगीदारालाही मुलांच्या वह्यांना पैसे द्यायला आवडतं, सर्व्हरच्या भाड्याला नाही. म्हणून फुकटच्या सॉफ्टवेअरला संस्था नाही म्हणत नाहीत आणि पुढच्या वर्षी त्याच्या होस्टिंगचं बिल बघून हबकतात. कंपन्यांना माझं सरळ सांगणं आहे. तुमच्या कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची किंमत लावून ती सीएसआरच्या खर्चात दाखवता येत नाही, हे सरकारने स्पष्ट केलंच आहे. तेव्हा तास प्रेमाने द्या, आणि वर त्या सॉफ्टवेअरच्या दोन वर्षांच्या देखभालीचे पैसे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत मांडा. ती ओळ नसेल तर शिबिर भरवू नका.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मी मुळीच मवाळ नाही. मारहाण सोसलेल्या बायकांच्या, एचआयव्हीबाधितांच्या, अनाथ मुलांच्या याद्या पेनड्राइव्हमध्ये घालून अनोळखी टेबलावर ठेवायच्या नसतात. शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकायच्या नसतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याच्या आधीही ही साधी माणुसकी होतीच. नावं, गावं, फोन काढून टाकलेला नमुना आधी तयार करा आणि त्यावरच काम होऊ द्या. संस्थेने ती यादी कौतुकाने पुढे केली तरी घेऊ नका. तिला धोका माहीत नसतो, तुम्हाला असतो.

ज्यांना हे मनापासून करायचंय अशा तंत्रज्ञ मित्रांनो, पुढच्या शिबिराची वाट बघू नका. तुमच्या भागातली एक संस्था निवडा आणि दोन वर्षं तिलाच धरून राहा. डोमेन, ईमेल, होस्टिंग सगळं संस्थेच्या नावावर करा आणि पासवर्ड निदान दोन विश्वस्तांकडे सोपवा. महिन्यातून एकदा तासभर फोनवर भेटा. गरज नसेल तिथे 'तुम्हाला ॲप नको, वहीच ठेवा' असं स्पष्ट सांगा, संस्था तुमचे उपकार मानील. आणि त्या अकाउंटंट ताईंना जानेवारीतच गाठून त्यांच्या सोयीचा शनिवार विचारून घ्या. मार्चअखेरीला त्यांना तुमच्याशी बोलायलाही सवड नसेल.