कर्बाची खानेसुमारी

'नॅक'चे निरीक्षक येणार असल्याची वर्दी लागताच, आपल्या आवारातून वर्षाकाठी किती कर्बवायू वातावरणात जातो याचा हिशेब दफ्तरी असणे अगत्याचे आहे, असा साक्षात्कार आमच्या परिचयाच्या एका विद्यापीठास झाला आणि त्याच सायंकाळी एक समिती, दोन उपसमित्या व चहापानाची तरतूद मंजूर झाली.

हा हिशेब तीन वर्गांत मांडण्याचा जागतिक प्रघात आहे: आवारात जाळलेले इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि विद्यार्थ्यांच्या दुचाक्यांपासून प्राध्यापकांच्या विमानप्रवासापर्यंत उरलेले सारे तिसऱ्यात. विजेचे प्रकरण सहज उरकले, कारण देयके हाताशी होती आणि युनिटमागे सुमारे ०.७ किलो हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दरही तयार होता. घोडे अडले ते जनित्राच्या डिझेलपाशी. लिटरभर जाळले की सुमारे २.७ किलो वायू निघतो, हे वाचून वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी, मूळ डिझेलचे वजन किलोभरही भरत नसता हा जादा माल कोणत्या निविदेन्वये आवारात आला, असा शेरा मारला. ज्वलनाच्या वेळी हवेतील प्राणवायू त्यास येऊन मिळतो, असा लेखी खुलासा रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी केला, तेव्हा सदर प्राणवायूची साठा-नोंदवहीत आवक दिसत नसल्याने प्रकरण फेरसादर करण्याचा हुकूम सुटला. (या अधिकाऱ्यांविषयी आम्हांस आदरच वाटतो; आकड्याकडे संशयाने पाहणारे ते एकटेच निघाले.)

तिसरा वर्ग सर्वांत मोठा भरेल अशी कुणकुण होती. कोण कशावरून येतो हे फाटकावरच्या रखवालदारास तोंडपाठ होते, परंतु तो समितीचा सदस्य नव्हता. आणि सदस्यांचा अभ्यासदौरा नुकताच विमानाने पार पडलेला असल्याने, हा वर्ग ऐच्छिक असल्याचे कलम एकमुखाने वाचले गेले.

तरीही बेरीज अंमळ जडच भरली, तेव्हा तिला विद्यार्थिसंख्येने भागावे अशी तोड एका चाणाक्ष उपकुलसचिवांनी काढली, आणि पदवी मिळेपर्यंत ज्यांना आवाराचे दर्शनही घडत नाही अशा बहिःस्थ विद्यार्थ्यांनाही भाजकात सन्मानाने बसवण्यात आले. दरडोई कर्ब एका रात्रीत निम्म्यावर आला. आता बहिःस्थ प्रवेशाच्या जागा वाढवण्याची शिफारस पर्यावरण-संवर्धनाच्या शीर्षाखाली व्यवस्थापन परिषदेपुढे गेली असून, नियमित विद्यार्थ्यांनीही शक्यतो घरीच राहावे, अशी उपसूचना विद्यार्थी-प्रतिनिधींनी मांडल्याचे कळते. तिला अनुमोदन अध्यापकवर्गातून आले.