हिरवं कापड पाठवू नका

टोरांटो,
दिवाळीनंतरचा रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,


काकाजींनी दुकानातून हिरव्यागार कापडाचा तागा बाजूला काढून ठेवला आहे आणि पुढच्या पार्सलात तो येतो आहे, हा निरोप पोचला. तळघरात घरगुती स्टुडिओ उभा करायचा, मागे एकरंगी कापड टांगायचं, त्या कापडाच्या जागी संगणकाने गावचं चित्र बसवायचं आणि आईच्या हातचे पदार्थ व झाडीबोलीतल्या गोष्टी नातवंडांसाठी नोंदवून ठेवायच्या, हा बेत घरात सगळ्यांना पसंत पडला याचा आनंद आहे. आपल्या घरात एकमत होणं ही नोंद घेण्यासारखीच गोष्ट. म्हणून त्यात मोडता घालताना संकोच वाटतो. पण काकाजींना तागा परत करायला सांगा. टीव्हीवर हवामान सांगणारे हिरव्यापुढे उभे राहतात आणि सिनेमावाले हिरव्यापुढे उड्या मारतात, हे खरं आहे. त्यांच्या हातात बांगड्या नसतात आणि त्यांना ठेचा वाटायचा नसतो, हेही तितकंच खरं आहे. भंडाऱ्याच्या कुटुंबाला निळं कापड लागतं. ही आमची लहर नाही. त्याची कारणं खाली देतो. पत्र काकाजींना मोठ्याने वाचून दाखवावं.

आधी ही करामत चालते कशी ते सांगतो. संगणकाला माणूस आणि पडदा यांतला फरक कळत नाही; त्याला फक्त रंग कळतो. आपण त्याला एक रंग नेमून देतो आणि सांगतो, हा जिथे दिसेल तिथे भोक पाड आणि भोकातून मागचं चित्र दाखव. याला क्रोमा की म्हणतात आणि ओबीएस स्टुडिओसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही ती सोय असते. हा नोकर आज्ञाधारक आहे, पण त्याला तारतम्य नाही. हिरवा पुसायला सांगितला की तो कापड पुसतो आणि त्याच इमानाने हिरव्या बांगड्याही पुसतो. मनगट आणि कोपर यांच्यामधून वैनगंगा वाहताना दिसते. लग्नातला हिरवा चुडा, डोहाळेजेवणाची हिरवी साडी, गणपतीच्या दूर्वा, महादेवाचा बेल, दारातलं आंब्याचं तोरण, तुळस, विड्याचं पान या सगळ्यांच्या जागी भोकं पडतात. गुढीच्या कडुलिंबाची तीच गत. स्वयंपाकात तर अनर्थच. सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरायला घेतला की सुरी हवेत चालते. पोपटाच्या शेंगा सोलणारी बाई वेड लागल्यासारखी नुसतीच बोटं हलवताना दिसते. मिरचीचा ठेचा वाटायचा तर खलबत्त्यात मागच्या चित्रातलं तळं उतरतं. परक्या मुलखात मराठी बाणा दाखवायला निघालेल्या कुटुंबाने असा रंग निवडावा की जो नेमका मराठी बाणाच पुसून टाकतो, याला काय म्हणावं?

काकाजी म्हणतील, बांगडीचा हिरवा गडद आणि कापडाचा हिरवा पोपटी, मग संगणकाला फरक कसा कळत नाही? प्रश्न रास्त आहे. किती छटेपर्यंत पुसायचं हे प्रोग्रॅममध्ये कमीजास्त करता येतं. अडचण अशी की कापड सगळीकडे एकाच छटेचं दिसत नाही. चुणी पडली की तिच्या पोटात सावली येते आणि ती सावली थेट बांगडीच्या रंगाची असते. दिव्याच्या समोरचा भाग उजळतो आणि कोवळ्या सांभाराच्या रंगाला जातो. मर्यादा आवळली तर चुण्या तशाच लोंबकळत दिसतात. सैल सोडली तर बांगड्या जातात. शिवाय काच चकचकीत आणि अर्धपारदर्शक, म्हणजे बांगडी स्वतःच्या हिरव्यात कापडाचा हिरवाही दाखवते. छटांच्या भांडणात आपली बाजू अशी सगळीकडून उघडी पडते. मूळ रंगच दूरचा घेतला तर हे भांडण उद्भवतच नाही.

आणि दूरचा म्हणजे निळाच, याला दुसरंही कारण आहे. कॅमेरा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन वाट्यांत मोजतो. पिवळा त्याच्या लेखी स्वतंत्र रंग नाही. लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा. आता आपलं स्वयंपाकघर नजरेसमोर आणा. हळद, वरण, लाखोळीची डाळ, पातोडी, बेसन, फोडणीचं तेल, सगळं पिवळं, म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबी हिरव्याचं चुलतभावंड आणि निळ्याचं कुणीच नाही. त्यातही आपला जिल्हा पितळेचा. चकचकीत भांडं समोरच्या कापडाचं प्रतिबिंब दाखवतं आणि त्या प्रतिबिंबालाही भोक पडतं. पण पितळ निळा प्रकाश गिळतं, म्हणून तर ते पिवळं दिसतं. हिरवं कापड पितळी गंज-पातेल्यात छान उमटेल. निळं मंद उमटेल. भंडाऱ्याच्या पितळेपुढे निळं कापड लावा, असं आम्ही म्हणत नाही, पदार्थविज्ञान म्हणतं. स्टीलची भांडी मात्र दोन्ही रंगांत दगा देतात, तेव्हा ती चौकटीबाहेरच ठेवलेली बरी.

निळा हा काही आमचा शोध नाही; उलट हिरवाच नंतरचा. 1940 च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याची करामत वापरली आणि त्या चित्रपटाला विशेष दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. त्यात म्हैसूरकडचा नट साबू होता, म्हणजे या खेळात आपला माणूस पहिल्यापासून आहे. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी 1959 च्या ‘बेन-हर’साठी निळ्या पडद्याची पद्धत इतकी सुधारली की केस, धूर, काच यांच्या कडाही नीट सुटू लागल्या. निळा निवडला कारण माणसाच्या कातडीत, ती गोरी असो की सावळी, लाल-पिवळा जास्त आणि निळा सगळ्यांत कमी. मग हिरवा आला कुठून? कॅमेऱ्याच्या सोयीसाठी. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या 1976 च्या पेटंटमधली मांडणी आजच्या बहुतेक मोबाइल कॅमेऱ्यांत आहे. तिच्यात दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. जुन्या रंगीत टीव्हीच्या प्रमाणातही उजेडाचा सुमारे 59 टक्के हिस्सा हिरव्याचा आणि जेमतेम 11 टक्के निळ्याचा धरलेला होता. म्हणून हिरवा पडदा कमी दिव्यांत भागतो आणि त्याच्या कडा स्वच्छ निघतात. थोडक्यात, हिरवा निवडला तो यंत्राच्या सोयीने. पुढे कोण उभं आहे हे कुणी विचारलंच नाही.

विचारतात ते जाणकार. 2002 च्या ‘स्पायडरमॅन’मध्ये नायकाच्या पोशाखात निळा होता आणि खलनायक ग्रीन गॉब्लिन नावाप्रमाणेच हिरवा. म्हणून नायकाला हिरव्या पडद्यापुढे आणि खलनायकाला निळ्या पडद्यापुढे चित्रित केलं. एवढ्या पैशाच्या चित्रपटाने एका रंगाचा हट्ट धरला नाही. अंगावर काय आहे ते पाहिलं आणि मग मागचा रंग ठरवला. आमचंही सूत्र तेच. आपल्या कुटुंबात हातातला चुडा, पाटावरचा सांभार आणि देवापुढचं पान हलणार नाही. मग कापडाने हलावं.

आता आक्षेप. पहिला, निळ्याला उजेड जास्त लागतो. लागतो, नाकारत नाही. उजेड कमी पडला तर निळ्यात दाणे दिसतात आणि केसांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखी हालचाल होते. पण आमची जागा तळघरातली आहे. डिसेंबरात इथे पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा खिडकीच्या उजेडावर कुणी भिस्त ठेवतच नाही. दिवे विकतच आणायचे आहेत. दोन कापडासाठी, दोन्ही बाजूंनी तिरपे, आणि माणसासाठी वेगळे. त्यात आणखी एक वाढला तर वाढला. माणसाने कापडापासून निदान दीड-दोन मीटर पुढे उभं राहायचं, म्हणजे सावली कापडावर पडत नाही आणि कापडाचा रंग गालावर उसळत नाही. हा उसळलेला रंग हिरवा असला की धडधाकट माणूसही आठवडाभर तापाने पडल्यासारखा दिसतो, आणि आई लगेच काढा पाठवते. निळा उसळला तरी कमी उजळ असतो आणि काळ्या केसांत खपून जातो. जी काही मेहनत घ्यायची ती दिव्यांवर आणि इस्त्रीवर घ्यावी. कापडही चमक नसलेलं सुती हवं. मोहाडीच्या कोशाची आठवण कुणी काढेल म्हणून सांगतो, रेशीम झळाळतं आणि झळाळी इथे गुन्हा आहे. कोसा अंगावर घालू, भिंतीवर नाही.

दुसरा आक्षेप बाबांचा असणार: पुरुषांचे शर्ट निळे, जीन्स निळी, शाळेचे गणवेश निळे. बरोबर आहे. पण चित्र कमरेच्या वरचं आहे, आणि शर्ट बदलायला दोन मिनिटं लागतात. सौभाग्यवतीला चुडा उतरवून ठेव म्हणणारा माणूस अजून आपल्या घराण्यात जन्माला आलेला नाही. जे सहज बदलतं त्याने वाट द्यावी, एवढाच न्याय.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आणि तो आम्ही मान्य करतो. 14 एप्रिल आहे, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस आहे. बाबासाहेबांनी 1954 ची लोकसभेची पोटनिवडणूक जिथून लढवली त्या भंडाऱ्याच्या माणसांनी निळा झेंडा हातात घ्यावा आणि संगणकाने तो गायब करावा, हे चालणार नाही. गोकुळाष्टमीला निळा कृष्णही अडचणीत येतो. विठोबा काळा असल्याने त्याला दोन्ही पडदे सारखेच. नवरात्रात वर्तमानपत्रं रोजचा रंग नेमून देतात, त्यांत हिरवाही येतो आणि निळाही. म्हणून बाजारात एका बाजूने निळं आणि दुसऱ्या बाजूने हिरवं असं घडीचं कापड मिळतं, ते घ्यावं. नेहमीची बाजू निळी, अशा निळ्या दिवसांना उलटी. मोरपंखी पैठणी मात्र निळी आणि हिरवी दोन्ही असते. तिच्यापुढे विज्ञान हात टेकतं. त्या दिवशी साधी भिंत दाखवावी आणि साडीचं कौतुक करावं.

चौथा आक्षेप नव्या पिढीचा: कापडच कशाला, आता कृत्रिम बुद्धिमत्ता कापडाशिवाय मागचं पुसते. पुसते, पण तिची अडचण उलटी आहे. बहुतेक वेळा तिला माणूस ओळखायला शिकवलेलं असतं. जे माणूस नाही ते तिच्या मते फालतू. म्हणजे तोंड राहतं आणि हातातलं लाटणं जातं, कान राहतो आणि कानातला डूल येतो-जातो. गप्पा मारायच्या असतील तर ती पुरेशी आहे. पण आपल्याला पातोडी थापताना दाखवायची आहे, आणि पातोडीला माणूस मानणारा संगणक अजून यायचा आहे.

शेवटचा आक्षेप आईचा, आणि तो तांत्रिक नाही: हे सोंग कशाला? तळघरात बसून मागे गावचं तळं दाखवायचं म्हणजे खोटंच की. आईने हे विचारावं याचं नवल वाटतं, कारण झाडीपट्टीत जन्म काढलेल्या माणसाला याचं उत्तर पाठ असतं. धान निघालं, भाऊबीज झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडार उभी राहते आणि मग होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. त्या नाटकांत रंगवलेला पडदा उलगडला की वाडा होतो, दुसरा उलगडला की जंगल. वाऱ्याने वाडा हलतो. म्हणून कुणी उठून जात नाही आणि फसवलं म्हणून पैसेही मागत नाही. ही रंगभूमी किती जिवंत आहे याला मान्यता म्हणून तिथल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. पडदा रंगवलेला आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून ते नाटक ठरतं. न सांगता दाखवलं की मगच ती लबाडी. आमच्या नोंदीत सुरुवातीलाच सांगू: बसलोय टोरांटोत, मागचं चित्र भंडाऱ्याचं. एवढं बोललं की कापड निर्दोष. आणि प्रवेशाप्रमाणे पडदा बदलणं ही जर आपल्याकडचीच रीत, तर पडद्याचा रंग माणसाप्रमाणे बदलावा हे आमचं म्हणणंही काही कॅनडात सुचलेलं नाही.

तेव्हा कापड इथेच घेतो. तुमच्याकडून हवेत ते फोटो. खांब तलावाचा, बांधावरून दिसणाऱ्या धानाचा आणि मंडईच्या मैदानाचा. धान हिरवं असलं तरी चिंता नाही. चित्र मागे असतं, त्यातला कुठलाच रंग पुसला जात नाही. मोबाइल आडवा धरावा आणि छातीच्या उंचीवर ठेवावा, नाहीतर आमचं क्षितिज आणि तुमचं क्षितिज जुळणार नाही आणि आम्ही तळ्यात बुडताना दिसू. ऊन डाव्या बाजूने येत असताना काढावा, कारण आमचा मुख्य दिवा डावीकडे असेल. चेहऱ्यावर एकीकडून उजेड आणि झाडांवर दुसरीकडून, हे लहान पोरालाही खटकतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, फोटोत कुणीही उभं राहू नये. काकाजींनीसुद्धा. चौकटीतली मधली जागा रिकामी हवी. तिथे आम्ही उभे राहणार आहोत.

लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार.

तुमची,
टोरांटोची मंडळी