परसदाराचं काय?

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलबद्दलची एक दंतकथा लोक पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या चवीने सांगत आलेत. वास्तुविशारद म्हणे विलायतेहून परत आला आणि पाहतो तर काय, गवंड्यांनी हॉटेल उलटं बांधून ठेवलेलं! पुढचं मागे, मागचं पुढे. बिचाऱ्याने जीव दिला. यात तथ्य काही नाही. आराखडे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं आणि डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल सुरू झालं. मुख्य दार शहराच्या बाजूला, आता जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे, ते ठरवूनच ठेवलेलं होतं. समुद्राकडे ते नंतर आलं. तरी दंतकथा काही जात नाही. दर्शनी बाजू चुकली तर माणसाने जगावं कशाला, हे आपल्याला मनातून पटलेलं असतं, त्याला कोण काय करणार?

माझ्या भाचीचं पोट या दर्शनी बाजूवरच चालतं. लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात तिचा इंटिरियर डिझाइनचा स्टुडिओ आहे. पंचतारांकित हॉटेलांच्या खोल्या आणि तितक्याच तारांकित लोकांची घरं, एवढंच काम ती घेते. माणसं थोडी, गिऱ्हाइकं थोडी, बिलं मात्र थोडी नव्हेत. मी अधूनमधून तिच्याकडे डबा घेऊन जाते आणि सॅम्पलं चाळत बसते. व्हेनियरचे तुकडे, पितळेच्या मुठी, दगडांच्या चकत्या, टेलिफोन डिरेक्टरीएवढी कापडांची पुस्तकं. पांढऱ्या रंगाच्याच इतक्या छटा, की आपण आजवर घराला दिला तो रंग पांढरा होता की नाही, अशी शंका यावी.

"मावशी, डबा तिथे नको हं ठेवूस," ती ओरडते. "तो इटालियन आहे."

मी पहिल्यांदा दचकून खुर्चीकडे पाहिलं होतं. इटालियन होता तो मार्बल. संगमरवराला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, काहीही सांडलं की झिलई खाल्ली जाते आणि डाग कायमचा बसतो. म्हणजे लाखो रुपये मोजून आपण स्वयंपाकघरात असा दगड बसवायचा, जो सोलकढीला घाबरतो. शहाबादी फरशीही तशी चुनखडीचीच, लिंबू तिलाही चावतंच. पण तिच्याकडे वाकून कुणी बघत नव्हतं, आणि तिचीही काही तक्रार नव्हती.

घर करायला आलेल्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आम्हाला अगदी हॉटेलसारखं हवंय." हॉटेल करायला आलेल्याचंही ठरलेलं असतं: "गेस्टला अगदी घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे." कधीकधी दोन्ही वाक्यं एकाच दुपारी, त्याच टेबलाशी येतात. भाची दोघांनाही "नक्की" म्हणते.

यातलं दुसरं काम सोपं, असं तिचं म्हणणं. अवघड ते पहिलं. कारण हॉटेलच्या खोलीत पसारा नसतो याचा अर्थ पसारा नाहीच असा नव्हे, तो दुसरीकडे असतो. कॉरिडॉरमध्ये भिंतीशी मिळताजुळता एक दरवाजा दिसतो, दिसतो म्हणण्यापेक्षा दिसत नाही, त्याच्यामागे सगळा संसार. ट्रॉल्या, बादल्या, सर्व्हिस लिफ्ट, तळघरात वाफा सोडणारी लाँड्री. एका पलंगामागे चादरींचे किमान तीन संच असतात: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. ते शुभ्र डोंगरासारखे बिछाने १९९९ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टिन हॉटेलांनी लोकप्रिय केले आणि मग जगभर सगळे पांढरे झाले. पांढरं सगळं एकत्र धुता येतं, ब्लीच करता येतं, आणि स्वच्छ आहे हे पाहुण्याला दुरूनच कळतं. आपल्याकडे ती पांढरी चादर आली ती एकटीच आली. लाँड्री मागेच राहिली. आता तिच्यावर बसून कुणी वरणभात खाऊ लागलं, की सगळ्या घराचा श्वास अडकतो.

शिवाय हॉटेलवाले मोठे सावध. दोनशे खोल्यांचं हॉटेल असेल, तर आधी नमुन्याची एक खोली पूर्ण सजवून घेतात. मॅनेजर तिथे झोपून बघतो. दिवा विझवायला अंथरुणातून उठावं लागतं का, बॅग उघडायला जागा आहे का, साफसफाईला किती मिनिटं लागतात, सगळं तपासतात आणि मगच बाकीच्या खोल्यांना हात घालतात. सोफ्याचं कापडसुद्धा यंत्रावर हजारो वेळा घासून, तीस-तीस हजार घासण्या सोसणारं घेतात. आमच्या घरी ही परीक्षा आबांनी घेतली. एकाच कोपऱ्यात वीसएक वर्षं बसून त्यांनी खालचा कॉयर वर आणला. पण घराची नमुन्याची खोली कुणी करत नाही. आपण थेट राहायला जातो आणि पंख्याचं बटण कपाटामागे गेल्याचं पहिल्या उन्हाळ्यात कळतं.

खरं तर मागची बाजू आपल्या जुन्या घरांना होती, आणि चांगली ऐसपैस होती. वाड्याला पुढे ओसरी, सोपा, वर दिवाणखाना. तिथे लोड, तक्क्या, एखादी हंडी, बस्स. आज ज्याला मिनिमल म्हणून पैसे मोजतात, तेच. आणि मागे माजघर, कोठीची खोली, धान्याचं बळद, न्हाणीघर, परसदार, विहीर, कपड्यांच्या दांड्या. ओसरीवर पान जमवत राजकारण बोलणाऱ्या मंडळींना मोकळंढाकळं राहणं सहज जमायचं, कारण त्यांचा सगळा पसारा तीन दारांपलीकडे कुणीतरी आवरत असे. कुणी, ते सांगायला नको. त्या मागच्या बाजूचं कौतुक करताना माझा हात जरा आखडतो. माजघरात दिवसाही अंधार असे, आणि ती हॉटेलची लाँड्री होती पण शिफ्ट संपत नसे.

राजेरजवाड्यांचं बरं जमलं. जयपूरच्या रामबाग पॅलेसचं १९५७ मध्ये हॉटेल झालं, उदयपूरच्या तळ्यातल्या महालाचं १९६३ मध्ये. राजवाड्याचं हॉटेल पटकन होतं, कारण मुदपाकखाना, तबेले, नोकरचाकरांचे जिने असं सगळं मागे तयारच असतं. शिवाय त्यांनी पाहुण्यांकडून भाडं घेतलं. आपण घराचं हॉटेल करतो तेव्हा बिलही आपणच भरतो आणि सकाळी खोलीही आपणच आवरतो.

फ्लॅटने परसदार गिळलं ते गिळलंच. त्याच्या जागी बिल्डर ड्राय बाल्कनी नावाची चिंचोळी पट्टी देतो. तिच्यात वॉशिंग मशीन, कुंचा, रद्दी, गणपतीचं मखर आणि एक मनुष्य मावतो, तो आडवा उभा राहिला तर. भाचीने एकदा मला एक थ्रीडी चित्र दाखवलं. समुद्राकडे तोंड करून मोठी काच, काचेपुढे एकच खुर्ची, खुर्चीवर एकच शाल.

"छान आहे गं," मी म्हटलं. "पण कपडे कुठे वाळत घालणार?"

तिने कपाळाला हात लावला. "मावशी, तू दरवेळी हेच विचारतेस."

मग विचारणारच. चौघांच्या घरात रोज आठ-दहा कपडे निघतात आणि ते अरबी समुद्राकडे पाहून वाळत नाहीत. पावसाळ्यात तर चार महिने घरभर दोऱ्या. पण गेली काही वर्षं मी पाहते, ती आराखड्याला हात घालते तो मागूनच. आधी एक लांबट खोली कापून घेते, तिला खिडकी आणि एक्झॉस्ट देते, आणि मग उरलेल्या जागेत दिवाणखाना बसवते. गिऱ्हाइकं कळवळतात. एवढ्या महाग जागेत चादरी वाळवायच्या? ती शांतपणे म्हणते, "नाहीतर त्या सोफ्यावर वाळतील." दारावर लाकडाच्या उभ्या पट्ट्या मारून ते भिंतीत मिसळून टाकते. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये शिकलेली विद्या. माझ्या मते तिचं खरं कसब तेवढंच आहे, बाकी झुंबरं कुणीही टांगेल. पण मासिकात छापून येतं ते झुंबरच.

हे मासिकांचं प्रकरणही निराळंच. फोटोच्या दिवशी घरातून आधी माणसं काढतात, मग रिमोट, औषधांचे डबे, चार्जर, देवापुढची उदबत्ती, फ्रिजवरची दुधाची यादी. मोसंबी ठेवतात, पण ती खायची नसतात. पितळी घंगाळ माळ्यावरून खाली येतं आणि त्यात फुलं तरंगू लागतात. ज्या घंगाळात माझ्या आजीने घरादाराला आंघोळी घातल्या, त्याला म्हातारपणी असं काम मिळालेलं पाहून बरंही वाटतं.

गेल्या एप्रिलात अलिबागजवळच्या एका बंगल्याचे फोटो निघायचे होते. सागवानी डेक, कडेपर्यंत भरलेला तलाव, आकाशात मिसळून जाणारं पाणी. भाचीबरोबर मीही गेले, वारा खायला. घरातली सगळी माणसं शिकवल्याप्रमाणे मागच्या खोलीत गेली होती. मालकांच्या आईंना मात्र कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल. सकाळच्या पहिल्या उन्हात त्यांनी डेकवर जुनी धोतरं अंथरून गव्हाच्या कुरडया घालून ठेवल्या होत्या, ओळीने, तलावाच्या काठाला अगदी समांतर.

भाचीचा चेहरा उतरला. फोटोग्राफर मात्र थबकला, गुडघ्यावर बसला, कॅमेऱ्याची लेन्स बदलू लागला. "मॅडम, हे इन्स्टॉलेशन कुणाचं आहे?" त्याने भाचीला विचारलं.

आजी आतून काठी टेकत आल्या. "कुरडया आहेत त्या," त्या म्हणाल्या. "आणि बाळा, जरा बाजूला सरक. तुझी सावली पडतेय."