खिडकीतून आलेला प्रियकर

ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली प्रसिद्ध झाला. हा ड्रॅक्युला माणसाचं रक्त पितो, वटवाघूळ होतो, धुकं होऊन फटीतून शिरतो. पण एक नियम त्यालाही मोडता येत नाही. घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही.

स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’ कादंबरीतला व्हॅम्पायर एडवर्ड २००५ साली आला. त्याला हा नियम लागू नाही. सतरा वर्षांच्या बेलाच्या खोलीत तो रात्री तिच्या नकळत जातो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत बसतो. पुढे हे तिला कळतं तेव्हा ती सुखावते. या मालिकेच्या जगभरात दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या.

एका शतकात रक्तपिपासू देखणा झाला, हळवा झाला, प्रियकर झाला. फक्त दारावर थांबायचं विसरला.

व्हॅम्पायरच्या प्रेमकथा वाचणाऱ्या मुलींना नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ १८७२ सालची, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही आधीची, आणि तिच्यातही भीती आणि ओढ एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. या कथांचा गाभा मोठा आहे. ज्याच्या हातात आपला जीव आहे, तो आपला जीव घेणार नाही, हा विश्वास कशावर ठेवायचा? प्रत्येक बाईला हा प्रश्न आयुष्यात कधी ना कधी पडतो, आणि तो विचारायला एखादी कादंबरी सुळे असलेला नायक घेत असेल तर तिचं स्वागतच करायला हवं.

मायरनेही हा प्रश्न घेतला आहे. एडवर्ड माणसाचं रक्त पीत नाही. बेलाचा गंध असह्य होत असताना तो स्वतःला आवरतो, आणि हा संयम मायरने मनापासून रंगवला आहे. पण बेलाचं रक्त प्यायचं नाही हे एडवर्ड ठरवतो आणि तिच्या खोलीत जायचं हेही एडवर्डच ठरवतो. बेलाच्या वाट्याला उरतं ते कृतज्ञ होणं. माझं भांडण आहे ते इथे.

आता जरा आमच्याकडे, गोव्यात बघू. डिचोली तालुक्यातल्या मुळगावात केळबाई, शेजारच्या शिरगावात लईराई, मयेत महामाया, मोरजीत मोरजाई, म्हापशात मिराबाई, जी पुढे चर्चमधली मिलाग्रिस सायबीण झाली. या देवी एकमेकींच्या बहिणी, आणि खेतोबा त्यांचा भाऊ. लोककथा सांगते की लईराईने रागाच्या भरात खेतोबाला लाथ मारली, मग तिला पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून तिने निखाऱ्यांवरून चालायचं ठरवलं. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत तिचे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, आजही होमकुंडातून चालतात. इथे देवीच्या हातूनही मर्यादा ओलांडली गेली तर ती बहीण-भावाचं प्रेम म्हणून सोडून दिली जात नाही. तिचा हिशेब दरवर्षी चुकता होतो, आणि हजारो माणसांच्या समोर होतो.

आमचा रात्रीचा देवही असाच मर्यादा पाळणारा. डिचोली तालुक्यातल्याच आमोण्यात बेताळाचं मोठं देवस्थान आहे. पेडण्याहून तेरेखोलची खाडी ओलांडली, शिरोडा मागे टाकला की आरवलीचा वेतोबा. त्याला भक्त केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्रभर हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. हे हिंडणं राखणीचं आहे. वेस त्याची, रान त्याचं, वाट त्याची. माजघर मात्र घरच्यांचं.

आणि जे न विचारता शिरतं, त्याचं काय करायचं हेही पेडण्याने ठरवून ठेवलं आहे. कोजागरीच्या रात्री पेडण्याची पुनव असते. रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात, बाधा झालेली मानली जाणारी माणसं तिथे आणली जातात. त्या बाधेमागे आजार असेल तर डॉक्टरच हवा, यात मला शंका नाही. मी बोलते आहे ती श्रद्धेच्या आतल्या न्यायाबद्दल. दुसरीच्या देहात तिच्या इच्छेविरुद्ध राहणाऱ्याला हा न्याय प्रियकर म्हणत नाही. ‘हिला सोड’ एवढंच त्याला सांगतो. भुतांचा नाथ असलेला भूतनाथसुद्धा त्याच रात्री आपल्या देवळासाठी रुसून निघतो आणि भक्त त्याची समजूत घालून त्याला परत आणतात. या प्रदेशात शक्ती कितीही मोठी असो, तिच्याशी बोलता येतं, तिच्यापुढे गाऱ्हाणं घालता येतं, तिच्याकडे कौल मागता येतो.

एवढा ठेवा उशाशी असताना आम्ही पडद्यावर काय डोक्यावर घेतलं? ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतला अण्णा नाईक माणसं मारतो, बायकोला जगणं नकोसं करतो. २०१९च्या दुसऱ्या पर्वानंतर लोकांनी अण्णा आणि शेवंता ही जोडी प्रेमाची जोडी म्हणून मिरवली. दहशत डोळ्यांसमोर होती, आणि आम्ही तिच्यावर गाणी लावून व्हिडिओ केले.

आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा ‘मुंज्या’ (२०२४) मला म्हणूनच मोलाचा वाटतो. कोकणातला एक मुलगा आपल्याहून मोठ्या मुन्नीशी लग्न करण्याच्या हट्टापायी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यात स्वतः मरून मुंज्या होतो. पिढ्या उलटल्या तरी त्याचं ‘लग्न करीन’ संपत नाही. चित्रपट या हट्टाला अमर प्रेम म्हणत नाही, भूत म्हणतो. त्याच दिग्दर्शकाने २०२५च्या दिवाळीत ‘थामा’ आणला. त्यात नायिका बेताळ आणि नायक माणूस. माणसाचं रक्त प्यायचं नाही हा तिच्या जमातीचा नियम. तो मरणाच्या दारात असताना ती त्याला चावते आणि तो तिच्यासारखा होतो. वाचला, हे खरं. पण अनंतकाळ असं जगायचं की नाही, हे त्याला कुणी विचारलं? या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. चित्रपट मारामारीकडे वळतो. ती कादंबरी मराठीत कुणीतरी लिहायला हवी.

लिहिणारे आहेत. मोबाइलवर मराठीत क्रमशः लिहिल्या जाणाऱ्या भयकथा आणि प्रेमकथा पाहा. रोज नवा भाग, खाली वाचकांची घाई, आणि लिहिणाऱ्यांत बायका भरपूर. त्यांच्या हातात वाचक आहे, उत्साह आहे. पण नायक अजून बाहेरून आणलेला, गोरापान, श्रीमंत, आणि खिडकीतून येणारा. मुलगी नको म्हणते, तो हसतो, पुढच्या भागात ती विरघळते.

त्यापेक्षा आपला देवचार घ्या. रात्री वाट चुकलेल्या माणसाला हातातली काठी वाजवत घरापर्यंत पोचवणारा हा राखणदार गोव्याच्या गावोगाव ठाऊक आहे. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी एक मुलगी, शेवटची बस, मुळगावची अंधारी वाट, आणि सोबतीला त्या काठीचा आवाज. तो दारापर्यंत येतो आणि मागे फिरतो, कारण राखणदाराची हद्द तिथे संपते. एके दिवशी ती त्याला थांब म्हणते. तिथून पुढे सगळं लिहायचं बाकी आहे. ती म्हातारी होणार, तो होणार नाही. तो गाव सोडू शकत नाही, तिला पणजीत नोकरी लागते. त्याला मान म्हणून रोट आणि सोरो, म्हणजे दारू, ठेवणारी तिची आजी हे नातं मान्य करील का? तिने त्याच्यासारखं व्हावं असं त्याला वाटलं तर तो तिला कोणत्या शब्दांत विचारील?

अशी कथा लिहिताना मायरने सोडून दिलेली एक गोष्ट धरून ठेवा. मुलीला ‘नको’ म्हणायला जागा द्या, आणि ती तसं म्हणाली की त्याला खरोखर मागे फिरवा. त्यानंतरही वाचक पान उलटत राहिला, तर मराठीला तिची अमर प्रेमकथा मिळाली असं मी म्हणेन.